भौतिकोपचाराच्या नवपदवीधराचे परिचयपत्र : स्वरूप आणि मर्म

पदवी परीक्षेचा निकाल लागतो, आंतरवासितेचे महिने संपतात आणि भौतिकोपचाराचा, म्हणजेच फिजिओथेरपीचा, पदवीधर नोकरीसाठी पहिला अर्ज लिहावयास बसतो. चार वर्षे त्याने इतरांच्या शरीराचे मापन केलेले असते; आता त्याला स्वतःचे मापन करून ते एका कागदावर मांडावयाचे असते. येथे एक विसंगती दृष्टीस पडते. रुग्णाच्या खांद्याची हालचाल अंशांत नोंदविणारा हाच विद्यार्थी स्वतःविषयी लिहिताना ‘मेहनती’, ‘होतकरू’, ‘मनमिळाऊ’ अशी विशेषणे ओळीने मांडीत जातो आणि ज्याला तो कागद वाचून निर्णय घ्यावयाचा आहे, त्याच्या हाती काहीच लागत नाही.

ज्यास व्यवहारात बायोडाटा किंवा रिझ्युमे म्हटले जाते, त्या परिचयपत्राचे स्वरूप कसे असावे याचा विचार प्रस्तुत लेखात कोल्हापूर परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. या विचाराचे सूत्र एकच आहे. चांगले परिचयपत्र हे चांगल्या रुग्णनोंदीसारखे असते. जे पाहिले व केले तेवढेच ते सांगते, मोजून सांगते, आणि वाचणाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येईल अशा रीतीने सांगते.

१. व्यवसायाचा पाया आणि कागदाचे मोल

परिचयपत्र म्हणजे केवळ एक औपचारिकता होय, असा समज सर्वत्र आढळतो. भौतिकोपचाराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८९४ साली इंग्लंडमध्ये मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरव्यवसायांचा गवगवा झाला आणि प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांची प्रतिष्ठा धोक्यात आली. त्या वेळी चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनकारांची एक संस्था स्थापन केली, परीक्षा घेण्यास आरंभ केला आणि उत्तीर्ण होणाऱ्यांस प्रमाणपत्र दिले. आजच्या ब्रिटिश भौतिकोपचार संस्थेचे मूळ तेथे आहे. ‘या हातांवर विश्वास का ठेवावा ?’ या प्रश्नाला लेखी उत्तर देण्याच्या गरजेतूनच या व्यवसायाला संघटित रूप आले, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात या विद्येच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झाला. पोलिओने पंगू झालेल्या बालकांचा प्रश्न तेव्हा तीव्र होता. १९५५ साली भौतिकोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी राज्य परिषद स्थापण्याचा कायदा २००२ साली झाला, आणि २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. या साऱ्या वाटचालीचे सार असे की, परीक्षा, नोंदणी आणि पुरावा यांच्या बळावर हा व्यवसाय उभा राहिला आहे. नवपदवीधराचे परिचयपत्र ही त्याच साखळीतील अखेरची कडी होय.

२. कोल्हापुरातील वाचक

पत्र कोणास लिहावयाचे हे ठाऊक नसेल, तर काय लिहावे हे ठरविता येत नाही. कोल्हापुरात भौतिकोपचारतज्ज्ञाची गरज असणारी स्थाने नानाविध आहेत. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात जिल्ह्यातील, कोकणातील आणि कर्नाटकाच्या सीमाभागातील रुग्ण येतात. खाजगी अस्थिरोग रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांस चालते करणे हे मुख्य काम असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाढीत मागे राहिलेल्या बालकांवर उपचार होतात. १९८४ पासून येथे कार्यरत असलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ या संस्थेने अपंगांच्या पुनर्वसनाची मोठी परंपरा निर्माण केली आहे. याखेरीज शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील ओतकामाचे कारखाने आणि इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत. तेथे वाकून भार उचलणाऱ्या आणि तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगारांच्या पाठीचा व गुडघ्यांचा प्रश्न आहे.

या नगरीचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदविणे आवश्यक आहे. खासबाग मैदानाची आणि तालमींची ही भूमी. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पुढे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची स्पर्धात्मक वाटचाल खंडित झाली. मल्लांच्या मुरगळलेल्या सांध्यांवर तालमीतील वस्तादाचा हात आणि हाडवैद्याचा लेप हेच पिढ्यान्‌पिढ्या उपाय होते. त्यामुळे येथील पुष्कळ लोकांच्या मनात भौतिकोपचार म्हणजे ‘सुशिक्षित मालिश’ अशीच कल्पना असते. एखाद्या क्रीडा मंडळाचा किंवा लहान रुग्णालयाचा विश्वस्त अर्ज वाचतो तेव्हा ही कल्पना त्याच्या मनात असू शकते. पदवीधराने वस्तादाचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. परंतु आपण तपासणी करतो, मोजतो, नोंद ठेवतो आणि प्रसंगी रुग्णास शल्यविशारदाकडे पाठवितो, हा भेद त्याच्या परिचयपत्रातून आपोआप स्पष्ट झाला पाहिजे.

निर्णय घेणारा वाचक बहुधा एखादा ज्येष्ठ भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञ असतो. त्याच्या मनातील प्रश्न अत्यंत व्यावहारिक असतो : ‘हा उमेदवार सोमवारी कामावर आला, तर त्याच्यावर कोणता कक्ष सोपविता येईल आणि कोठे त्याच्याजवळ कोणास उभे राहावे लागेल ?’ ज्या परिचयपत्रातून या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पानावर मिळते ते यशस्वी ठरते.

३. रुग्णनोंदीचा आदर्श

अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६० नंतरच्या दशकात रुग्णनोंदीची एक शिस्त मांडली. रुग्णाने सांगितलेले, तपासणीत आढळलेले, त्यावरून काढलेले अनुमान आणि पुढील योजना अशा चार भागांत नोंद लिहिण्याची जी पद्धत प्रत्येक भौतिकोपचार विद्यार्थी शिकतो ती याच शिस्तीतून आलेली आहे. तिचे मर्म असे की, ऐकीव आणि मोजलेले यांची सरमिसळ होऊ द्यावयाची नाही.

हीच कसोटी परिचयपत्राला लावली असता काय दिसते ? ‘संवादकौशल्य उत्तम’ हे वाक्य पहिल्या वर्गातले, म्हणजे उमेदवाराने स्वतःविषयी सांगितलेले आहे. ‘पक्षाघाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांना घरी करावयाचे व्यायाम मराठीत व कन्नडमध्ये शिकविले’ हे वाक्य दुसऱ्या वर्गातले, म्हणजे पडताळून पाहता येण्याजोगे आहे. पहिले वाक्य शंभर अर्जांत सापडेल. दुसरे त्याच उमेदवाराचे आहे. परिचयपत्र लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ या दृष्टीने तपासावी आणि जी ओळ कोणाच्याही अर्जात शोभली असती ती निःसंकोचपणे काढून टाकावी.

स्नायूंची शक्ती ० ते ५ या श्रेणीत मोजण्याची पद्धत प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. २ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा भार काढून घेतल्यावर होणारी हालचाल, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होणारी पूर्ण हालचाल, ५ म्हणजे संपूर्ण प्राकृत शक्ती. स्वतःच्या कौशल्याचीही अशी श्रेणी लावता येते, आणि त्यासाठी चार पायऱ्या पुरेशा आहेत : पाहिले, साहाय्य केले, देखरेखीखाली केले, स्वतः केले व वरिष्ठांनी नंतर तपासले. परिचयपत्रातील प्रत्येक कौशल्यापुढे यांपैकी एक पायरी लिहिली, तर वाचकाच्या ‘सोमवारच्या’ प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते.

४. आंतरवासितेचे वर्णन

नवपदवीधराजवळ नोकरीचा अनुभव नसतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती अर्धसत्य आहे. आजवरच्या प्रचलित अभ्यासक्रमात चार वर्षांच्या शिक्षणानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता असते. २०२५ मध्ये राष्ट्रीय आयोगाने जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात पाच वर्षांपैकी एक वर्ष आंतरवासितेस दिले आहे. या काळात विद्यार्थी निरनिराळ्या कक्षांत प्रत्यक्ष रुग्णांसमवेत काम करतो. तोच त्याचा अनुभव होय. दुर्दैवाने बहुसंख्य परिचयपत्रांत हे सहा महिने एका ओळीत संपतात. उदाहरणार्थ :

‘विविध विभागांत आंतरवासिता पूर्ण केली. सर्व प्रकारचे रुग्ण हाताळण्याचा उत्तम अनुभव. सर्व आधुनिक उपचारपद्धती अवगत.’

या तीन वाक्यांत एकही तथ्य नाही. उलट ‘सर्व’ हा शब्द दोनदा आल्याने अनुभवी वाचकाच्या मनात शंका मात्र निर्माण होते. हेच सहा महिने पुढीलप्रमाणे मांडता येतील :

‘अस्थिरोग विभाग, ६ आठवडे. गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेनंतर रुग्णास उभे करणे व वॉकरच्या आधाराने चालविणे : देखरेखीखाली. गुडघा वाकण्याचा कोन गोनिओमीटरने रोज मोजून नोंदविणे : स्वतः.

मज्जासंस्था विभाग, ४ आठवडे. पक्षाघाताच्या रुग्णांचे ५६ गुणांच्या बर्ग श्रेणीनुसार तोल-परीक्षण : स्वतः. खाटेवरून खुर्चीवर नेण्याचे तंत्र नातेवाइकांस शिकविणे : स्वतः.

अतिदक्षता विभाग, २ आठवडे. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचा छातीचा भौतिकोपचार : पाहिला व साहाय्य केले.’

हा नमुना केवळ उदाहरणादाखल आहे. त्यातील आठवडे व कामे प्रत्येकाने स्वतःच्या नोंदवहीवरून भरावयाची आहेत. त्यातील शेवटची नोंद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अतिदक्षता विभागात आपण केवळ पाहिले, असे लिहिल्याने उमेदवाराचे मूल्य कमी होते, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. वस्तुतः परिणाम उलट होतो. एका ठिकाणची मर्यादा ज्याने मोकळेपणाने मान्य केली, त्याने दुसऱ्या ठिकाणी ‘स्वतः केले’ असे लिहिल्यास त्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. परिचयपत्राचे लेखन आंतरवासिता संपल्यावर सुरू होत नाही. ते तिच्या पहिल्या दिवशीच सुरू व्हावयास हवे. रोज सायंकाळी दहा मिनिटे खर्चून त्या दिवशीचे रुग्णप्रकार, केलेली मापने आणि देखरेख करणाऱ्या वरिष्ठांचे नाव एका वहीत लिहिल्यास सहा महिन्यांअखेर विश्वसनीय सामग्री हाती येते. मात्र या वहीत आणि परिचयपत्रात रुग्णाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील येता कामा नये. रुग्णाच्या गुप्ततेविषयी जो बेफिकीर आहे, त्याच्याविषयी अन्य काही जाणून घेण्याची गरज वाचकास वाटणार नाही.

५. अन्य अंगे

नाव पदवीपत्रावर व परिषदेच्या नोंदवहीत जसे असेल तसेच लिहावे. त्याखाली गाव, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल. नावामागे ‘डॉ.’ लावावे की नाही, याविषयी बराच वाद झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने भौतिकोपचारतज्ज्ञांनी हे उपपद लावू नये असे पत्र काढले आणि लगेच ते फेरविचारासाठी मागे घेतले. परिचयपत्रापुरता मार्ग सोपा आहे. नावापुढे पदवी स्पष्ट लिहावी. पदवीने ज्याची ओळख निःसंदिग्ध होते त्यास उपपदाचा आधार घ्यावा लागत नाही.

यानंतर राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहावा. नोंदणी व्हावयाची असेल, तर ‘नोंदणीसाठी अर्ज केला आहे’ असे दिनांकासह लिहावे. ही माहिती दडविल्यास पहिल्याच चौकशीत ती उघड होते. शिक्षणाच्या नोंदीत महाविद्यालय, विद्यापीठ आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष एवढे पुरे. राज्यातील आरोग्यविषयक महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, तर काही संस्था अभिमत विद्यापीठांच्या आहेत. म्हणून विद्यापीठाचे पूर्ण नाव देणे इष्ट.

पदवीच्या वेळी केलेल्या प्रकल्पाविषयी केवळ शीर्षक देऊन थांबू नये. किती व्यक्तींची तपासणी केली, कोणते मापन वापरले आणि त्यात स्वतःचा वाटा कोणता, हे दोन ओळींत सांगावे. यंत्रमाग कामगारांच्या कंबरदुखीची किंवा मल्लांच्या खांद्याची पाहणी कोणी केली असेल, तर कोल्हापुरात अशा प्रकल्पाचे मूल्य निव्वळ शैक्षणिक राहत नाही.

कार्यशाळांचा उल्लेख करताना दिवसांची संख्या अवश्य लिहावी. दोन दिवसांची उपस्थिती आणि सहा महिन्यांचे प्रशिक्षण यांत जो फरक आहे तो झाकणे म्हणजे वाचकाची फसवणूक होय.

भाषांच्या नोंदीला विद्यार्थी फारसे महत्त्व देत नाहीत, ही चूक आहे. भौतिकोपचार हा औषधाच्या गोळीसारखा गिळता येत नाही. रुग्णाने स्वतः व्यायाम केला तरच गुण येतो, आणि त्यासाठी सूचना त्याच्या भाषेत पोहोचावी लागते. सीमाभागातील रुग्णाशी कन्नडमध्ये बोलू शकणारा उमेदवार येथे निश्चितपणे उजवा ठरतो. त्याचप्रमाणे घरी जाऊन उपचार करण्याच्या कामासाठी दुचाकी चालविण्याचा परवाना असणे हीदेखील नोंदण्याजोगी गोष्ट होय.

शेवटी ज्यांच्या हाताखाली काम केले अशा दोन वरिष्ठांची नावे त्यांची अनुमती घेऊन द्यावीत. एवढा सारा मजकूर दोन पानांत बसतो. नवपदवीधरास तिसऱ्या पानाची गरज नसते. सोबतच्या अर्जपत्रात मात्र प्रत्येक संस्थेसाठी स्वतंत्र विचार हवा. बालकांच्या केंद्रासाठी बालरोग विभागातील काम प्रथम यावे, क्रीडा मंडळासाठी दुखापतींचे काम प्रथम यावे. तथ्ये तीच राहतात, क्रम बदलतो.

६. काय वगळावे

बायोडाटा हा शब्द आपल्याकडे विवाहाच्या बोलण्यांतही वापरला जातो. त्या कागदावर जन्मवेळ, रास, उंची, वर्ण, कुळ आणि मामांचे गाव असते. घरातील वडीलधाऱ्यांनी तयार करून दिलेला हाच साचा पुढे नोकरीच्या अर्जातही उतरतो. वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, धर्म, जात आणि वैवाहिक स्थिती यांनी अर्धे पान भरून जाते. शासकीय अर्जाच्या नमुन्यात जी माहिती मागितलेली असेल ती तेथे द्यावीच लागते. परंतु खाजगी रुग्णालयास पाठवावयाच्या परिचयपत्रात तिला स्थान नाही. रुग्णाला उभे करण्याच्या कौशल्याशी तिचा काहीही संबंध नसतो, आणि अनेकदा ती अर्जदारावर, विशेषतः तरुणींवर, अन्याय करणाऱ्या तर्कांना निमित्त होते.

तयार नमुन्यांतून उचललेले ‘जीवनातील ध्येय’, छंदांची यादी आणि ‘वरील माहिती सत्य आहे’ ही अखेरची प्रतिज्ञा यांचीही तीच गत आहे. माहिती सत्य आहे हे प्रतिज्ञेने नव्हे, तपशिलाने सिद्ध होते.

७. अतिशयोक्तीची किंमत

येथवरचे विवेचन शिष्टाचाराचे वाटेल. परंतु प्रश्न त्याहून गंभीर आहे. कोल्हापूर परिसरातील कित्येक विद्यार्थी आपल्या घराण्यातील पहिलेच पदवीधर असतात. शिक्षणासाठी काढलेले कर्ज डोक्यावर असते, गावाकडे घरची माणसे वाट पाहत असतात. अशा वेळी ‘थोडे वाढवून लिहिले तर काय बिघडले ?’ हा मोह स्वाभाविक आहे आणि त्याची चेष्टा करणे योग्य होणार नाही.

तथापि परिचयपत्रातील अतिशयोक्तीची किंमत शेवटी अर्जदार देत नाही, रुग्ण देतो. ज्याने केवळ दोन दिवसांची कार्यशाळा पाहिली त्याने मानेच्या मणक्यांवरील हस्तोपचारात ‘प्रावीण्य’ लिहिले, तर एके दिवशी त्या शब्दावर विसंबून एखाद्याची मान त्याच्या हाती दिली जाईल. स्नायूची शक्ती ३ असताना कोणी ५ अशी नोंद केली आणि पुढच्या पाळीतील सहकाऱ्याने त्या नोंदीवर विसंबून रुग्णास काठीविना उभे केले, तर रुग्ण पडतो. रुग्णनोंदीतील ही चूक कोणीही विद्यार्थी क्षम्य मानणार नाही. मग स्वतःच्या नोंदीत ती कशी क्षम्य ठरावी ?

खंडाविषयीही हेच म्हणता येईल. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यामुळे सहा महिने गेले असतील किंवा घरातील आजारपणासाठी वर्षभर थांबावे लागले असेल, तर ते एका साध्या वाक्यात सांगावे. ‘वडिलांच्या आजारपणामुळे अमुक काळ घरी, पक्षाघातानंतरची त्यांची शुश्रूषा स्वतः केली’ असे लिहिणारा उमेदवार आपली उणीव सांगत नसून, रुग्णाच्या घरातील रात्र कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे, असे सांगत असतो.

समारोप

परिचयपत्र ही आत्मस्तुती नव्हे आणि क्षमायाचनाही नव्हे. ती एका व्यावसायिकाने दुसऱ्या व्यावसायिकाकडे सोपविलेली नोंद आहे. रुग्णनोंद लिहिताना जी सवय चार वर्षे हाताला लावलेली असते तीच येथे उपयोगी पडते : मोजलेले तेवढे लिहावे, न मोजलेले वेगळे ठेवावे, आणि पुढे काय करता येईल ते सांगावे. ज्येष्ठांच्या हाती असा कागद पडला तर त्यावरील अनुभव थोडा असला तरी तो खरा आहे, एवढे त्यांना कळते. पहिल्या नोकरीसाठी याहून अधिक शिफारस लागत नाही. आणि पुढे त्या पदवीधराच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहणाऱ्या रुग्णालाही याहून अधिक काही नको असते.